गिटार विवर्धकाचे अतिचालन

गिटार विवर्धकाचे अतिचालन : विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत विवर्धकातील इलेक्ट्रॉन नलिकांना त्यांच्या कार्यमर्यादेपलीकडे चालविण्याइतका प्रबळ केला, म्हणजे ध्वनिक्षेपकातून निघणारा ध्वनी मूळ ध्वनीची केवळ मोठी प्रतिकृती राहत नाही. तरंगांचे माथे चेपले जातात, मुळात नसलेले अधिस्वर निर्माण होतात आणि स्वर अधिक काळ टिकतो. या क्रियेस अतिचालन म्हणतात. वादकांच्या व्यवहारात ‘ओव्हरड्राइव्ह’ हाच शब्द रूढ आहे. १९५० ते १९७० या काळातील बहुतेक विवर्धक शक्य तितका स्वच्छ ध्वनी मिळावा या हेतूने बनविलेले होते. अशा जुन्या विवर्धकात अतिचालन वाढविण्यासाठी कोणते फेरफार करतात, त्यांमागील तत्त्व काय आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन येथे केले आहे.

अभियंत्याच्या दृष्टीने जी विकृती, ती संगीतात गुण ठरावी, ही गोष्ट भारतीय श्रोत्यास अपरिचित नाही. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलाईवर ओझरती टेकते व जवारीच्या दोऱ्याची जागा साधली की तिच्यातून अधिस्वरांचा झरा सुरू होतो. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग केसभर घासतात. थोडे कमी घासले तर तंबोरा बोलत नाही, थोडे अधिक घासले तर तार भरभरते. नलिका विवर्धकातील फेरफाराचे कामही याच जातीचे आहे. मात्र तेथे साधन कानस नसून रोधक व धारित्र असतात, आणि चूक झाल्यास केवळ स्वर बिघडत नाही, तर जिवास अपाय होऊ शकतो.

ऐतिहासिक आढावा : अतिचालित गिटारच्या ध्वनीचे एक आरंभीचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण अपघातानेच झाले. १९५१ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गीत मुद्रित होत असताना प्रवासात बिघडलेला विवर्धक तसाच वापरण्यात आला आणि त्याचा खरखरीत ध्वनी लोकांना आवडला. पुढे लिंक रे या वादकाने १९५८ मधील ‘रंबल’ या रचनेसाठी ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूस भोके पाडली, तर १९६४ मध्ये इंग्लंडमधील ‘किंक्स’ या वृंदातील डेव्ह डेव्हिस याने एका लहान विवर्धकाच्या शंकूस पात्याने चिरा दिल्या. हे सर्व उपाय विध्वंसक होते. ध्वनिक्षेपक फाडून ध्वनी बदलता येतो, पण तो पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

विद्युत् मंडलातील फेरफाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांचा पहिला विवर्धक होय. १९६२-६३ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील लिओ फेंडर यांच्या ‘बेसमन’ विवर्धकाचे मंडल जवळजवळ जसेच्या तसे उचलले. तथापि मूळ विवर्धकाच्या पहिल्या स्थानी १२ एवाय ७ ही सुमारे ४४ विवर्धन गुणकाची नलिका होती. मार्शल यांनी तेथे १०० गुणकाची ईसीसी ८३ ही नलिका बसविली. फेंडर यांचे चार ध्वनिक्षेपक सुमारे २५ सेंमी. व्यासाचे व मागून उघड्या पेटीत होते, तर मार्शल यांचे चार ध्वनिक्षेपक सुमारे ३० सेंमी. व्यासाचे व बंद पेटीत होते. एवढ्या थोड्या बदलांनी ध्वनीचे स्वरूपच पालटले. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या वृंदासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात मार्शल विवर्धक पूर्ण क्षमतेने चालविलेला ऐकू येतो आणि तेव्हापासून अतिचालित ध्वनी हा गिटारचा स्वतंत्र आवाज म्हणून मान्यता पावला.

मात्र असा ध्वनी मिळविण्यासाठी विवर्धक कान बधिर होतील इतक्या मोठ्याने वाजवावा लागे. ही अडचण दोन मार्गांनी सुटली. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ हे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फेंडर यांच्या ‘प्रिन्स्टन’ या लहान विवर्धकात अधिक शक्तीचे मंडल बसवून देत. नंतर त्यांनी विवर्धनाचा एक जादा टप्पा घालून प्रत्येक टप्प्याला वेगळा नियंत्रक दिला आणि यातूनच ‘मेसा बूगी’ विवर्धक जन्मास आला. मार्शल कंपनीनेही १९७५ मध्ये दोन टप्पे एकापाठोपाठ जोडून शेवटी मुख्य ध्वनिनियंत्रक असलेले नमुने बाजारात आणले. जुन्या विवर्धकांत आज केले जाणारे बहुतेक फेरफार या दोन उदाहरणांचीच रूपे आहेत.

विवर्धकाची रचना : नलिका विवर्धकाचे चार भाग पडतात. (१) पूर्व विवर्धक : गिटारमधील ध्वनिग्राहक वेटोळ्यातून साधारणपणे ०·१ ते ०·५ व्होल्ट शिखर दाबाचा संकेत मिळतो. तो बहुधा १२ एएक्स ७ म्हणजेच ईसीसी ८३ या जुळ्या ट्रायोड नलिकेने वाढविला जातो. (२) स्वरनियंत्रक जाल : यात मंद्र, मध्य व तार कंप्रतांचे प्रमाण बदलता येते, मात्र हे जाल संकेताचा बराच भाग शोषून घेते. (३) शक्ती विवर्धक : कला उलटविणारा टप्पा एकाच संकेताच्या परस्परविरुद्ध दोन प्रती तयार करतो व त्या ६ व्ही ६, ६ एल ६, ईएल ८४ किंवा ईएल ३४ या शक्ती नलिकांच्या जोडीस पुरवितो. प्रदान रोहित्रामार्फत ही शक्ती ध्वनिक्षेपकाकडे जाते. (४) विद्युत् पुरवठा : यात मुख्य रोहित्र, एकदिशकारक व मोठे विद्युत् विच्छेद्य धारित्र असतात. नलिकांच्या धनाग्रांना लागणारा २५० ते ५०० व्होल्ट एकदिश दाब येथून मिळतो.

अतिचालनाचे तत्त्व : ईसीसी ८३ या नलिकेच्या नेहमीच्या मांडणीत धनाग्राशी १०० किलो-ओहमचा व ऋणाग्राशी १·५ किलो-ओहमचा रोधक असतो. अशा वेळी जालक ऋणाग्रापेक्षा सुमारे १·५ व्होल्ट ऋण राहते. संकेताचा दाब याहून अधिक धन झाला की जालक स्वतःच प्रवाह घेऊ लागते व तरंगाची एक बाजू चेपली जाते. उलट बाजूस जालक सुमारे ४ व्होल्ट ऋण झाले, की नलिकेतील प्रवाह जवळजवळ थांबतो व तरंगाची दुसरी बाजू छाटली जाते. या दोन मर्यादा मध्यबिंदूपासून समान अंतरावर नसल्यामुळे छाटणी विषम होते. शिवाय मर्यादा एकदम न येता क्रमाक्रमाने येते. हलक्या हाताने छेडल्यास स्वच्छ व जोराने छेडल्यास दाणेदार ध्वनी मिळतो, तो या क्रमिकतेमुळेच. प्रबळ ऋण पुनःप्रदाय असलेल्या ट्रँझिस्टर विवर्धकात ही मर्यादा एकाएकी येते व तरंगाचा माथा धारदारपणे कापला जातो. त्यामुळे तो ध्वनी कर्कश वाटतो.

विषम छाटणीतून मूळ कंप्रतेच्या दुप्पट, चौपट अशा सम पटींतील अधिस्वर वाढतात. दोन्ही बाजूंच्या समान छाटणीतून तिप्पट, पाचपट असे विषम पटींतील अधिस्वरच निर्माण होतात. मूळ स्वर षड्ज मानल्यास दुप्पट कंप्रतेचा स्वर तार षड्ज, तिप्पट कंप्रतेचा तार पंचम व पाचपट कंप्रतेचा अतितार गंधार होतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा पाचवा अंश.

एका वेळी दोन स्वर छेडले तर आणखी एक परिणाम घडतो. दोन्ही कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही निर्माण होतात. षड्ज व पंचम यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर २ : ३ असल्याने त्यांच्या वजाबाकीतून खालच्या सप्तकातील षड्ज उमटतो, म्हणजेच ध्वनी अधिक भारदस्त होतो. गिटारच्या पडद्यांवरील पंचम नैसर्गिक पंचमापासून केवळ २ सेंटांनी (सेंट म्हणजे सप्तकाचा १/१२०० भाग) ढळलेला असतो; गंधार मात्र सुमारे १४ सेंट चढा असतो. त्यामुळे अतिचालित ध्वनीत षड्ज-पंचमाची जोडी स्थिर राहते, तर गंधारयुक्त स्वरसमूह गढूळ व खडबडीत होतात. रॉक संगीतात केवळ षड्ज-पंचमाच्या जोड्या विपुल आढळतात, यामागे हेही एक कारण आहे. फेरफार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण अतिचालन जितके वाढवावे, तितके वाजविता येण्याजोग्या स्वरसमूहांचे क्षेत्र आकुंचन पावते.

फेरफारांचे प्रकार : विवर्धकात अतिचालनाचा असा एकच बिंदू नसतो. प्रत्येक टप्पा आपापल्या मर्यादेशी नमतो, आणि आधी कोण नमतो यावर ध्वनीचा पोत ठरतो. चांगला फेरफार म्हणजे विवर्धन सरसकट वाढविणे नव्हे, तर नमण्याचा हा क्रम विचारपूर्वक बदलणे होय.

कोणताही बदल करण्यापूर्वी विवर्धक मूळ अवस्थेत नीट चालू करून घेणे आवश्यक असते. विद्युत् विच्छेद्य धारित्र १५-२० वर्षांत कोरडे पडतात, कागदी धारित्र गळू लागतात व जुने कार्बन रोधक आपले मूल्य सोडतात. विवर्धकाचा क्षीण किंवा पिचका ध्वनी बहुधा या जीर्णतेचा परिणाम असतो आणि एवढी दुरुस्ती केल्यावर पुढील फेरफाराची गरजच उरली नाही, असे पुष्कळदा दिसून येते.

नलिका बदलणे : हा सर्वांत सोपा व पूर्णपणे उलटविता येणारा उपाय आहे. पहिल्या स्थानी १२ एवाय ७ ऐवजी १२ एएक्स ७ बसविल्यास त्या टप्प्याचे विवर्धन सुमारे दुप्पट होते. याउलट मूळची १२ एएक्स ७ काढून कमी गुणकाची नलिका बसविल्यास अतिचालन उशिरा व अधिक मृदुपणे सुरू होते. शक्ती नलिकांच्या बाबतीत मात्र अशी अदलाबदल परस्पर करता येत नाही. त्यांचे तापक प्रवाह, पिनांची जोडणी व स्थिर ऋण दाब भिन्न असतात.

ऋणाग्र धारित्र : ऋणाग्राच्या रोधकास समांतर धारित्र नसल्यास वर दिलेल्या मांडणीत विवर्धन सुमारे ३० पट असते, २५ मायक्रोफॅराडचा धारित्र जोडल्यास ते सर्व श्राव्य कंप्रतांना सुमारे ६० पट होते. ०·६८ मायक्रोफॅराडचा लहान धारित्र जोडल्यास ही वाढ मुख्यतः काही शे हर्ट्झच्या वरील कंप्रतांनाच मिळते. अतिचालनासाठी बहुधा हा लहान धारित्र पसंत करतात. मंद्र स्वरांत ऊर्जा अधिक असल्याने ते आधी छाटले जातात व त्यांच्या छाटणीने सर्वच ध्वनी फुगीर व चिखलट होतो. म्हणून मंद्र कंप्रता छाटणीपूर्वी कमी करावयाच्या व हव्या असल्यास नंतर वाढवावयाच्या, हा या तंत्रातील महत्त्वाचा नियम आहे.

जादा टप्पा : दोन स्वतंत्र आदान मार्ग असलेल्या विवर्धकात न वापरलेल्या मार्गातील ट्रायोड मोकळी असते. तिला पहिल्या टप्प्यामागे जोडल्यास नवी नलिका किंवा चौकटीत नवे छिद्र न घेता एक टप्पा वाढतो. येथे साधे गणित उद्बोधक आहे. ६० पटींचे दोन टप्पे मिळून विवर्धन ३,६०० पट होते. ०·१ व्होल्टचा संकेत त्यायोगे ३६० व्होल्ट व्हावा, पण पुरवठाच ३०० व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून दोन टप्प्यांमध्ये दाब विभाजक घालून संकेत निम्मा किंवा त्याहून कमी करावा लागतो. दुसऱ्या टप्प्याचा ऋणाग्र रोधक १० किलो-ओहम इतका मोठा ठेवून त्यास धारित्र न जोडल्यास ती नलिका प्रवाह थांबण्याच्या सीमेजवळ काम करते व तरंगाची एक बाजू लवकर छाटते. मार्शल कंपनीच्या १९७५ नंतरच्या विवर्धकांचा परिचित ध्वनी बऱ्याच अंशी या एका रोधकावर अवलंबून आहे.

अवरोधी विकृतीचे निवारण : प्रबळ संकेताने जालक प्रवाह घेऊ लागले की त्याआधीचा जोड धारित्र भारित होतो. हा भार ओसरेपर्यंत नलिका बंद राहते आणि स्वर क्षणभर गुदमरून मग फुटतो. यावर जालकाच्या मार्गात काहीशे किलो-ओहमचा रोधक घालणे व जोड धारित्राचे मूल्य कमी करणे हे उपाय आहेत. मंडलाच्या कागदी आराखड्यावर हा दोष दिसत नाही. तो जोराने छेडलेल्या स्वराच्या शेवटी कानांनाच कळतो.

स्वरनियंत्रक जाल : १९६३ नंतरच्या फेंडर विवर्धकांतील जाल मध्यम कंप्रता बऱ्याच दाबते. काही नमुन्यांत मध्यम कंप्रतांसाठी ६·८ किलो-ओहमचा स्थिर रोधक असतो. त्याऐवजी २५ किलो-ओहमचा बदलता रोधक बसविल्यास जालातील क्षय घटतो, मध्यम कंप्रता पुढे येतात आणि नंतरचे टप्पे आपोआप अधिक चालविले जातात. एका घटकाच्या बदलात एवढा परिणाम देणारे फेरफार थोडेच आहेत.

ऋण पुनःप्रदाय : ध्वनिक्षेपकाकडे जाणाऱ्या संकेताचा काही अंश उलट कलेने मागे आणल्यास विकृती कमी होते, परंतु मर्यादा आली की छाटणी एकाएकी होते. या मार्गातील रोधक वाढविल्यास अतिचालन लवकर व क्रमाने सुरू होते. पुनःप्रदाय पूर्णपणे तोडल्यास मंद्र स्वरांवरील ताबा सैल होतो व गुणगुण वाढू शकते.

शक्ती टप्पा व पुरवठा : नलिका एकदिशकारकाच्या अंतर्गत रोधामुळे जोराचा स्वर येताच पुरवठ्याचा दाब खचतो व हळूहळू सावरतो. त्यामुळे स्वराचा आघात मऊ होतो व शेपूट लांबते. ५ वाय ३ या नलिकेत हा परिणाम अधिक, जीझेड ३४ मध्ये कमी, तर अर्धसंवाहक एकदिशकारकात जवळजवळ नसतो. कमी प्रवाह देणाऱ्या नलिकेच्या जागी दुसरी बसविताना रोहित्राची क्षमता व वाढणारा दाब यांचा हिशेब करावा लागतो. शक्ती नलिकांचा स्थिर प्रवाहही मोजून ठेवावा लागतो. उदा., ६ एल ६ जीसी या नलिकेची धनाग्रावरील कमाल शक्तिक्षय मर्यादा ३० वॉट असून स्थिर अवस्थेत तिच्या सु. ७० टक्के म्हणजे २१ वॉट हे सामान्यतः वरचे प्रमाण मानतात. ४५० व्होल्ट दाबास यावरून सु. ४७ मिलिअँपिअर प्रवाह येतो.

मुख्य ध्वनिनियंत्रक : कला उलटविणाऱ्या टप्प्यापूर्वी बदलता रोधक बसविल्यास पूर्व विवर्धक अतिचालित ठेवून एकूण ध्वनी लहान करता येतो. मात्र शक्ती नलिका, प्रदान रोहित्र व ध्वनिक्षेपक यांचा ध्वनीतील वाटा त्यामुळे कमी होतो आणि स्वर काहीसा कोरडा लागतो. ध्वनीची तीव्रता कानास दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सु. दहापट व्हावी लागते. याचाच अर्थ, १०० वॉटचा विवर्धक १० वॉटच्या विवर्धकापेक्षा केवळ दुप्पट मोठा वाटतो. म्हणून घरातील किंवा लहान सभागृहातील वादनासाठी मोठ्या विवर्धकात फेरफार करण्यापेक्षा ५ ते १५ वॉटचा विवर्धक निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार भारतातील निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

भारतातील परिस्थिती : मुंबईच्या चित्रपटसंगीतात विद्युत् गिटारला १९५० नंतरच्या दोन दशकांत महत्त्वाचे स्थान मिळाले. व्हॅन शिप्ले यांनी विद्युत् हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. १९७१ मधील ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांची गिटार विशेष गाजली. तथापि आयातीवरील निर्बंधांमुळे १९९१ पर्यंत परदेशी गिटार विवर्धक सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे सभांसाठी बनविलेले ध्वनिवर्धक किंवा घरातील रेडिओ यांवरच पुष्कळांनी गिटार वाजविली. मर्फीसारख्या कंपन्यांच्या नलिका रेडिओंना मागील बाजूस ग्रामोफोनची जोडणी असे. गिटारची तार तेथे जोडली, की रेडिओचा श्राव्य भाग लहानसा गिटार विवर्धक बने. अशा अनेक रेडिओंत ७० गुणकाची एक ट्रायोड व ईएल ८४ ही शक्ती नलिका असे. तिच्यापासून ५ वॉटच्या आतबाहेर शक्ती मिळे आणि गिटारच्या संकेताने ती सहज अतिचालित होई. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने ईसीसी ८३ व ईएल ८४ या दोन्ही नलिकांचे उत्पादन केले होते व त्या जुन्या मालात अद्याप आढळतात. नव्या नलिका आज मुख्यतः रशिया, चीन व स्लोव्हाकिया येथून येतात.

अतिचालित ध्वनीचे देशी रूप मुंबई व कोकणातील मिरवणुकांत ऐकावयास मिळते. तेथे ‘बेंजो’ या नावाने ओळखले जाणारे बुलबुलतरंग विद्युत् ध्वनिवर्धकास जोडून कर्ण्यांतून वाजवितात. गर्दीच्या कोलाहलातून स्वर वर काढण्यासाठी वर्धक कमालीचा चालविला जातो आणि त्यातून येणारी धार हीच श्रोत्यांच्या दृष्टीने त्या वाद्याची ओळख बनली आहे. मेंफिसमध्ये जे घडले, त्याच कारणपरंपरेने येथेही घडले. परस्परांचे अनुकरण करण्याची गरज पडली नाही.

धोके व दक्षता : नलिका विवर्धकातील पुरवठा धारित्र विद्युत् पुरवठा तोडल्यानंतरही भारित राहू शकतात. ४० मायक्रोफॅराडच्या धारित्रात ४५० व्होल्ट दाबास सु. ४ जूल ऊर्जा साठते आणि तिचा प्रवाह हृदयातून गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पुरवठ्याची पिन भिंतीतून काढल्यावर १० किलो-ओहमच्या, पुरेशा शक्तीच्या रोधकामधून धारित्र रिकामे करावे आणि व्होल्टमापकावर दाब शून्याजवळ आल्याची खात्री केल्यावरच हात घालावा. चालू मंडलात मोजमाप करताना एक हात मंडलापासून दूर ठेवण्याची जुनी सवय अजूनही उत्तम आहे. उच्च दाबाच्या कामाचा अनुभव नसलेल्याने नलिका बदलण्यापलीकडचे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

रेडिओच्या बाबतीत याहूनही गंभीर धोका आहे. प्रत्यावर्ती व एकदिश अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओंत मुख्य रोहित्र नसते व धातूची चौकट सरळ पुरवठ्याच्या एका तारेशी जोडलेली असते. यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ अक्षराने सुरू होणारी नलिकांची नावे ही त्याची खूण होय. अशा रेडिओस गिटार जोडल्यास तारांवर २३० व्होल्ट येऊ शकतात. असे संच फेरफारासाठी वापरू नयेत.

जुन्या अमेरिकी विवर्धकांना बहुधा दोन पिनांचा प्लग असतो व पुरवठ्याच्या एका तारेपासून चौकटीपर्यंत सु. ०·०५ मायक्रोफॅराडचा धारित्र जोडलेला असतो. तो निकामी होऊन आतून जोडला गेला, तर संपूर्ण पुरवठा दाब वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचतो. हा धारित्र काढून टाकून तीन पिनांचा प्लग बसविणे व चौकट भूयोजित करणे हा असा फेरफार आहे, की ज्याबद्दल मतभेदास जागा नाही. हे विवर्धक ११७ व्होल्ट व ६० हर्ट्झसाठी बनविलेले असल्याने भारतात दाब उतरविणारे रोहित्र लागते. पण कंप्रता ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे मुख्य रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत सु. २० टक्के वाढतो व रोहित्र अधिक तापते. छत्रपती संभाजीनगरसारख्या मराठवाड्यातील शहरांत उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४०° से. च्या वर जाते. विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य दर १०° से. वाढीमागे साधारणपणे निम्मे होत असल्याने तेथे वायुवीजनाची व्यवस्था आणि १०५° से. श्रेणीचे धारित्र हे चैनीचे नव्हे, तर गरजेचे ठरतात. कोकणच्या दमट हवेत गळतीचा व गंजाचा उपद्रव अधिक असतो.

ध्वनिक्षेपक न जोडता विवर्धक कधीही चालवू नये. प्रदान रोहित्रात उसळणाऱ्या दाबाने त्याचे वेष्टन फुटते. त्याचप्रमाणे पूर्ण छाटलेल्या चौकोनी तरंगाची सरासरी शक्ती त्याच शिखराच्या ज्या-तरंगाच्या दुप्पट असते. म्हणून अतिचालित विवर्धकास त्याच्या नाममात्र शक्तीच्या किमान दुप्पट शक्ती सहन करणारा ध्वनिक्षेपक जोडावा.

मूळ रूपाचे जतन : फेरफारास योग्य असा प्रत्येक जुना विवर्धक हा तंत्रविद्येच्या इतिहासाचा एक दस्तऐवजही असतो. त्याचे रोहित्र, हातांनी केलेली जोडणी व घटकांवरील कालसूचक अंक यांवरून त्याची निर्मिती निश्चित करता येते. एकदा चौकटीस नवी छिद्रे पाडली व मूळ घटक फेकून दिले, की हा पुरावा नष्ट होतो. मिळणारा जादा ध्वनी मात्र नव्या विवर्धकातून किंवा पायाने चालविण्याच्या लहान उपकरणातूनही मिळविता येतो. १९६२ पासून ट्रँझिस्टरयुक्त अशी उपकरणे बाजारात आहेत. म्हणून दुर्मिळ विवर्धकात नलिका बदलण्यापलीकडे जाऊ नये असा संकेत आहे. सामान्य नमुन्यात फेरफार करताना मूळ मंडलाचा आराखडा व छायाचित्रे ठेवावीत, काढलेले घटक नोंदीसह जपावेत, आधीची छिद्रे व मोकळ्या ट्रायोड वापराव्यात आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम ऐकावा. ज्या फेरफारातून अर्ध्या तासात मूळ स्थितीला परत येता येते, त्याच्यातच चुकण्याचे व शिकण्याचे स्वातंत्र्य असते. घासलेली घोडी पुन्हा भरून येत नाही, म्हणूनच जाणता कारागीर प्रत्येक घासणीनंतर थांबून तार छेडून पाहतो.